कढीपत्त्याचं रोप वाण म्हणून देण्याआधी: फ्लोरिडा आणि आसपासच्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि बागकाम गटांचे संयोजक,
फ्लोरिडा आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली सर्व मराठी मंडळं

विषय: लिंबाळी फुलपाखरू, कढीपत्त्याच्या रोपांची देवाणघेवाण आणि गणपतीची पत्री

सप्रेम नमस्कार, वि. वि.

काळ्या पंखांवर फिक्या पिवळ्या ठिपक्यांची नक्षी, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल ठिपका, त्याला लागून निळी कोर, आणि शेपटी नाही. हे लिंबाळी. दारात लिंबाचं झाड किंवा गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला त्याचं नाव ठाऊक नसेल, पण चेहरा ओळखीचा असतो. त्याची अळी कढीपत्ता फस्त करते म्हणून कोणी कुरकुरतं, कोणी तीच अळी बरणीत ठेवून मुलांना कोष दाखवतं. महाराष्ट्रात दोन्ही चालतं.

फ्लोरिडात यातलं काही चालायला नको, म्हणून हे पत्र. लिंबाळी मूळचं अरबस्तान-इराणपासून भारत आणि आग्नेय आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंतचं. अमेरिकेच्या बाजूला ते नव्हतंच. २००४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात सापडलं, २००६ मध्ये पोर्तो रिकोत, पाठोपाठ जमैका आणि क्यूबात. २०२२ मध्ये ते फ्लोरिडाच्या टोकाला, की वेस्टमध्ये दिसलं. क्यूबा तिथून समुद्रावरून जेमतेम १४५ किलोमीटर. कॅरिबियन बेटांवरच्या लिंबाळींची जनुकीय तपासणी झाली तेव्हा त्यांचं मूळ आग्नेय आशियात निघालं, भारतात नाही. तेव्हा हा पाहुणा आपल्यापैकी कोणाच्या बॅगेतून गेला असं म्हणायला आधार नाही. त्याचा पुढचा प्रवास मात्र आपल्या कुंड्यांमधून होऊ शकतो.

कृषी खात्यांना सोडून हे पत्र मराठी मंडळांना का, याचं कारण सरळ आहे. अमेरिकन शेजाऱ्याला आपल्या लिंबावर अनोळखी हिरवी अळी दिसली तर तो फोटो काढून कोणाला तरी विचारतो. आपल्या माणसाला तीच अळी दिसली तर तो म्हणतो, ‘अरे, ही तर आपल्याकडची!’ आणि विषय तिथेच संपतो. या फुलपाखराची सगळ्यात पक्की ओळख ज्यांना आहे, तेच ते कळवण्याची शक्यता सगळ्यात कमी. शिवाय कढीपत्त्याची कुंडी आपल्या आणि इतर भारतीय घरांतच जास्त. म्हणजे परक्या देशात त्याला आपल्या घराइतकं सोयीचं घर दुसरं नाही.

कढीपत्त्याबद्दल आधी एक गैरसमज. कढीलिंब म्हणा, विदर्भातल्यासारखं गोडनिंब म्हणा, नावात कडुनिंब आहे. पण झाड कडुनिंबाच्या कुळातलं नाही, लिंबाच्या कुळातलं आहे. बेल, कवठ, सताप आणि कुंतीही त्याच कुळातले. त्यामुळे लिंबू-संत्र्याच्या किडींसाठी कढीपत्ता हे सख्खं झाड ठरतं. ‘माझ्याकडे लिंबू नाही, फक्त कढीपत्ता आहे’ या वाक्याला कीडनियंत्रणात काही अर्थ नाही.

आता नुकसान किती, हे न फुगवता सांगतो. विदर्भातला संत्रा बागायतदार लिंबाळीला घाबरत नाही. मोठ्या झाडाची चार पानं गेली तर गेली. तिचा खरा मार रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीत बसतो. जंभेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं गुडघाभर कलम असेल आणि त्यावर पाच-सहा मोठ्या अळ्या असतील, तर काही दिवसांत फक्त पानांच्या शिरा उरतात. रोप मरत नाही, पण वाढीचा हंगाम वाया जातो. कुंडीतला कढीपत्ता या हिशेबात कायमच ‘रोप’ असतो, म्हणून त्याचे हाल लवकर होतात.

फ्लोरिडात मात्र या कुळातल्या झाडांच्या बाबतीत सगळे आधीच होरपळलेले आहेत. १९९८ मध्ये तिथे सिट्रस सायला ही रस शोषणारी बारीक कीड आली. नागपूर-अमरावतीकडच्या बागायतदारांना सायला वेगळी सांगायला नको. फ्लोरिडात ती आधी सापडली कुंतीच्या कुंपणावर. २००५ मध्ये तिने पसरवलेला, झाड हळूहळू खंगवणारा ग्रीनिंग रोग सापडला. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्याच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या. एक पेटी साधारण ४१ किलोची. २०२२-२३ मध्ये त्या सुमारे १ कोटी ५८ लाखांवर आल्या. त्या वर्षीच्या चक्रीवादळाचाही त्यात वाटा होता, पण झाडं आधीच ग्रीनिंगने पोखरलेली होती. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये हा रोग पहिल्यांदा सापडला तो कुठल्या मोठ्या बागेत नाही, लॉस एंजेलिस परिसरातल्या एका घराच्या अंगणातल्या झाडावर. आता तिथला निरीक्षक कढीपत्त्याच्या कुंडीकडे इतक्या संशयाने का बघतो, हे यावरून कळेल.

दुसरी काळजी पैशात मोजता येत नाही. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर शाउस स्वॅलोटेल नावाचं एक फुलपाखरू तग धरून आहे. अमेरिकी सरकारने ते १९८४ पासून नामशेष होण्याच्या धोक्यातल्या यादीत ठेवलं आहे. त्याची अळी टॉर्चवुड आणि वाइल्ड लाइम या रानझाडांवर वाढते, आणि ही दोन्ही लिंबाच्याच कुळातली. म्हणजे लिंबाळी नेमकी त्याच्या शेजारी राहायला आली आहे. उलट बाजूचा धोकाही आहे: लिंबाळी समजून कोणी तिथलीच अळी चिरडेल. म्हणून ओळख नीट करून घ्या, हात नंतर चालवा.

फ्लोरिडात लिंबावर आणि कढीपत्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारी अळी जायंट स्वॅलोटेलची. ती तिथलीच आहे, तिला राहू द्या. लहानपणी दोन्ही अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, तपकिरी-काळ्या आणि मधे पांढरट पट्टा. तेव्हा त्यांच्यात फरक करायला जाऊ नका, भल्याभल्यांची चूक होते. अंड्यावरूनही ठरवू नका. फरक उघड होतो शेवटच्या टप्प्यात. जायंटची अळी पूर्ण वाढली तरी विष्ठेसारखीच राहते: मातकट, पाठीवर खोगिरासारखा मळकट पांढरा डाग. लिंबाळीची अळी शेवटची कात टाकली की हिरवीगार होते, मानेपाशी आडवा गडद पट्टा आणि मागच्या बाजूला दोन्हीकडे तिरपे तपकिरी पट्टे. डिवचल्यावर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढणं आणि उग्र वास सोडणं दोघीही करतात. त्यावरून काही ठरत नाही.

थोडक्यात, तीन-चार सेंटिमीटर लांबीची, गुळगुळीत, हिरवी अळी लिंबावर, कढीपत्त्यावर किंवा बेलावर दिसली तर संशय घ्या. शेपू, पार्स्ली किंवा बडीशेपेवर दिसली तर घेऊ नका. तिथली हिरवी-काळी पट्ट्यांची अळी ब्लॅक स्वॅलोटेलची, ती स्थानिक आहे, आणि मराठी घरात शेपू असतोच. सताप लावलेला असेल तर दोन्ही शक्यता, म्हणून फोटो काढून विचारा. उडणाऱ्या फुलपाखरात घोळ कमी होतो: जायंट आकाराने मोठं आणि त्याच्या मागच्या पंखांना ठळक शेपट्या. शेपटी दिसली की ते लिंबाळी नाही. फक्त जुन्या, फाटक्या पंखांच्या जायंटची शेपटी तुटलेली असू शकते, तेव्हा फोटो काढून विचारा.

आता रोपाच्या तपासणीचं. मादी एकेक अंडं सुटं घालते, आणि घालते नवतीवर, म्हणजे कोवळ्या तांबूस-पोपटी फुटीवर. अंडं फिकट पिवळं, गोल, मोहरीच्या दाण्याहून लहान. उबदार हवेत तीन-चार दिवसांत फुटतं, गारठ्यात आठवडाही लागतो. अळी दोन ते तीन आठवडे खाते. मग ती बहुतेक वेळा झाड सोडून चालू लागते आणि कोषासाठी जागा शोधते. लोक चुकतात ते इथे. झाडाचं पान न् पान तपासतात आणि कोष असतो कुंडीच्या कडेखाली, आधाराला रोवलेल्या बांबूवर, बशीच्या आतल्या बाजूला, नाहीतर मागच्या भिंतीवर. कमरेला रेशमाचा दोरा बांधून तो तिरपा टेकलेला असतो. जागेच्या रंगाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी, म्हणून पटकन दिसत नाही. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्यातून फुलपाखरू निघतं, थंडीत कित्येक आठवडे तसाच राहू शकतो. सप्टेंबरमध्ये भेट मिळालेली कुंडी डिसेंबरमध्ये फुलपाखरू सोडू शकते, ते यामुळे.

म्हणून क्रम असा ठेवा. रोप देण्याच्या १५ दिवस आधी शेंड्याची सगळी नवती, साधारण बोटभर, कापून टाका. कापलेली फूट कंपोस्टमध्ये नको. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. नंतर कुंडीवर जाळी चढवा. साधं मच्छरदाणीचं कापड फुलपाखराला पुरतं, पण ते पानांना टेकू देऊ नका. टेकलं तर मादी जाळीच्या बाहेरून पोट टेकवून आत अंडं घालते, आणि माणूस म्हणतो जाळी असून अळी आली कशी! चार काड्या रोवून जाळी पानांपासून विताएवढी लांब ठेवा आणि खालचं तोंड कुंडीला दोरीने आवळा. सायला मात्र मच्छरदाणीतून जाऊ शकते. तिच्यासाठी दहापट भिंगाने कोवळी टोकं बघायला लागतात: पिवळसर चपटी पिल्लं, मेणासारखे पांढरे धागे, ४५ अंशात शेपूट वर करून बसलेले तपकिरी किडे. ती दिसली तर ते रोप कोणालाच द्यायचं नाही.

पंधरा दिवसांनी जाळी काढताना पानांआधी जमिनीकडे बघा. कुंडीतल्या मातीवर किंवा बशीत काळसर-हिरवे बारीक गोळे असतील तर ती विष्ठा, आणि अळी वर कुठेतरी आहे. पानांच्या कडा अर्धगोल कुरतडलेल्या असतील तरी तेच. मग कुंडी उचलून तिची कड, तळ आणि आधाराची काठी बोटाने चाचपून बघा. जुनी काठी टाकून नवी द्या, स्वस्तातला हा उपाय सगळ्यात कामाचा आहे.

मुळापासून फुटलेले फुटवे उपटून मातीसकट प्लास्टिकच्या ग्लासात घालून वाटायची आपल्याकडे पद्धत आहे. सोपी आहे, पण त्यात नवती, माती आणि घाई तिन्ही एकत्र येतात. गावातल्या गावात द्यायचंच तर बिया द्या. पूर्ण पिकून काळी झालेली फळं चोळून गर काढा, धुवा, सावलीत तासभर सुकवा आणि आठवड्याच्या आत पेरा. सुकवून डबीत ठेवलेलं बी उगवत नाही, मसाल्याच्या डब्याचा अनुभव इथे लावू नका. ताज्या बियांतून अंडं, अळी किंवा कोष जात नाही.

आणि राज्याबाहेर काहीच नको. फ्लोरिडा हे संपूर्ण राज्य ग्रीनिंगच्या क्वारंटाइनखाली आहे. लिंबूवर्गीय झाडांसारखंच कढीपत्त्याचं झाड, फांदी, ताजी पानं परवानगीशिवाय दुसऱ्या राज्यात नेता येत नाहीत. अटलांटाच्या मावशीकडे गाडीच्या डिकीतून नेणं असो, की मुलीच्या हॉस्टेलवर पाकिटातून पाठवणं. अधिवेशनाला किंवा नाट्यप्रयोगाला दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांना निघताना कढीपत्त्याची जुडी हातात ठेवणं आपल्याला आपुलकीचं वाटतं, कायद्याच्या भाषेत ती वाहतूक आहे. मंडळाच्या निमंत्रणात याची एक ओळ घाला.

पत्रीचंही बोलायला हवं. भारतातून येणाऱ्याला ‘बेल आण’ असं सांगणं बंद करा. बेल लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे ताजी पानं विमानतळावर थांबवली जातात, कढीपत्ताही तसाच. न सांगता आणली तर दंड वेगळा. एकवीस पत्रींपैकी दूर्वा, तुळस, जाई, डाळिंब, कण्हेर फ्लोरिडात अंगणात मिळतात. बेलाच्या जागी काय वाहायचं हे गुरुजींना विचारा. संकल्प अक्षता वाहूनही होतो, हे तेच सांगतील.

एवढं करूनही अळी सापडली तर पहिली चूक होते ती लगेच मारून फेकण्याची. तुमचं झाड वाचतं, पण नोंद जाते. की वेस्टच्या उत्तरेला, मायामीत किंवा टॅम्पात सापडलेली एक खात्रीची अळी तिथल्या कीटकशास्त्रज्ञांना आपल्या दहा कढीपत्त्यांपेक्षा मोलाची आहे. आधी फोटो: एक वरून, एक बाजूने, एक डोक्याजवळून, शेजारी नाणं ठेवून, आणि कुठल्या झाडावर होती ते झाडाचं पान ओळखू येईल असा. मग अळी झाकणाच्या डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. जिवंत कुठे नेऊ नका, शेजाऱ्याला दाखवायलाही नाही. तारीख, शहर आणि झाडाचं नाव डबीवर लिहा. फ्लोरिडाच्या कृषी खात्याचा डिव्हिजन ऑफ प्लांट इंडस्ट्री गेन्सव्हिलला आहे, तिथे फोटो पाठवा. ते जमत नसेल तर प्रत्येक काउंटीत विद्यापीठाचं एक्स्टेन्शन ऑफिस असतं, तिथे. इतर राज्यांत त्या राज्याच्या कृषी खात्याकडे. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकाच, पण तेवढ्यावर थांबू नका. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलाने ती अळी वाढवली असेल तर कोष फुटेपर्यंत थांबू नका. टाळ्या वाजवत खिडकीतून सोडलेल्या एका मादीला नर भेटला तर महिन्याभरात नवी पिढी.

कळवून झाल्यावर उपाय. घरच्या दोन-चार कुंड्यांना फवारणीची गरजच नाही. रोज सकाळी चहा होईपर्यंत हाताने वेचणं पुरतं, वेचलेलं साबणाच्या पाण्यात टाका. झाडं जास्त असतील तर बीटी जिवाणूचं औषध चालतं. महाराष्ट्रात रोपवाटिकांना ते लिटरला १ ग्रॅम सांगतात, पण अमेरिकेतल्या दुकानात पातळ आणि पावडर वेगवेगळ्या ताकदीची मिळते, म्हणून लेबलवरचं प्रमाणच पाळा आणि खाण्याच्या पानांवर चालतं का तेही तिथेच वाचा. बीटी अंगावर पडून अळी मरत नाही, तिने ते खाल्लं तरच लागू पडतं. म्हणून पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत. उन्हात ते लवकर निकामी होतं, तेव्हा संध्याकाळी मारा आणि आठवड्याने पुन्हा. दोन सेंटिमीटरच्या वरच्या अळीवर त्याचा भरवसा नाही, ती वेचाच. आणि वाऱ्याच्या दिवशी फवारू नका. बीटी अळीची जात बघत नाही, शेजारच्या मिल्कवीडच्या झाडावरच्या मोनार्क फुलपाखराच्या अळ्याही मरतील.

फ्लोरिडा कीज बेटांवर किंवा बिस्केन नॅशनल पार्कच्या आसपास राहणाऱ्यांनी अंगणातल्या रानझाडांवर काहीच मारू नये, अगदी हातानेही. फोटो काढून थेट कळवावं. तिथली एखादी अळी शाउसची निघाली तर तो केंद्रीय कायद्याचा भंग ठरेल.

मंडळांकडे आमची मागणी तीन कामांची आहे. रोपांची देवाणघेवाण करणाऱ्या गटात दोघांना तपासणीची जबाबदारी नावानिशी द्या आणि त्यांना एक भिंग घेऊन द्या. हिरव्या अळीचा आणि जायंटच्या अळीचा फोटो शेजारी-शेजारी छापून कार्यक्रमाच्या नोंदणीच्या टेबलावर ठेवा. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रोपाचं वाण द्यायचं ठरलं असेल, तर कढीपत्त्याऐवजी तुळस, पुदिना, गवती चहा किंवा पानओवा द्या. पानओव्याची काडी कुठलंही पान न ठेवता मातीत खोचली तरी जगते, डिसेंबरच्या मध्यात खोचलीत तर संक्रांतीपर्यंत देण्याजोगी होते.

कळावे, लोभ असावा.

आपले,
विदर्भातल्या लिंबूवर्गीय रोपवाटिकांत आणि फुलपाखरांच्या नोंदींत काम करणारे काही जण